काटकुळ्या मुलीचा रक्तदाब वाढलेला कसा?

प्रश्न : वर्गशिक्षिका, सोलापूर

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत नववीला शिकवते. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या आया घरी बसून विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर, हमालीला किंवा रिक्षावर असतात. गेल्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली. त्यात चौदा वर्षांच्या एका मुलीचा रक्तदाब १३४/८६ निघाला. तिचे वजन ३६ किलो आहे. कार्डावर ‘मीठ कमी, फळे खावीत, ताण घेऊ नये, व्यायाम करावा’ असे लिहून पथक पुढच्या शाळेत गेले.

मी तिच्या आईला बोलावून घेतले. मांडीवरची पत्ती बाजूला ठेवून ती तशीच उठून आली होती. कार्ड पाहून ती म्हणाली, “बाई, ही तर काडीसारखी आहे, हिला कुठला बीपी? बीपी खाऊनपिऊन असलेल्यांना होतो.” मला तिला उत्तर देता आले नाही, कारण माझीही समजूत काहीशी तशीच होती.

माझे दोन प्रश्न आहेत. हृदयविकाराचा धोका गरिबीमुळे खरोखर वाढतो का, की वाईट सवयींचेच ते दुसरे नाव आहे? आणि मुले चौदा-पंधरा वर्षांची असताना याची चिंता करायची, तर शाळेने नेमके काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘जनजागृती करा’ एवढ्याने माझे काम भागणार नाही.

उत्तर १ : बालरोगतज्ज्ञ

बाई, आधी त्या एका मुलीबद्दल लिहितो, कारण तिचा प्रश्न थांबून राहण्यासारखा नाही. तेरा वर्षांपुढील मुलांसाठी आम्ही मोठ्या माणसांसारख्याच सरळ मर्यादा वापरतो. १२०/८० च्या खाली असेल तर ठीक, वरचा आकडा १३० किंवा खालचा ८० झाला की रक्तदाबाची पहिली पायरी, आणि १४०/९० पासून दुसरी. १३४/८६ हा आकडा पहिल्या पायरीवर बसतो. परंतु एका दिवसाच्या एका मोजणीवर कोणत्याही मुलाला रक्तदाबाचा रुग्ण ठरवत नाहीत. तीन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटे शांत बसवून, पाठीला आधार देऊन, पाय जमिनीला टेकलेले आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावे लागते. शाळेच्या व्हरांड्यात, मागे चाळीस मुलांची रांग आणि गलका चालू असताना घेतलेला आकडा जास्त येऊ शकतो.

मात्र यात एक बारकावा आहे. दंडाला गुंडाळायचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर रक्तदाब खोटा जास्त दिसतो आणि मोठा असला तर खोटा कमी दिसतो. तपासणी पथकाकडे बहुधा मोठ्या माणसांचाच पट्टा असतो. ३६ किलोच्या मुलीच्या बारीक दंडावर तो सैलसर बसला असेल, तर तिचा खरा रक्तदाब १३४ हून अधिक असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा ‘मशीन चुकले असेल’ म्हणून ते कार्ड बाजूला ठेवू नका.

दुसरे असे, की या वयाच्या बारीक मुलीचा रक्तदाब सतत जास्त निघाला, तर सर्वांत आधी मूत्रपिंड तपासावे लागते. लहानपणी पुन्हापुन्हा झालेल्या आणि नीट उपचार न मिळालेल्या लघवीच्या संसर्गाने मूत्रपिंडावर व्रण राहतात आणि वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही. लघवीची साधी तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारा घटक) आणि पोटाची सोनोग्राफी या तीन गोष्टी सरकारी रुग्णालयात होतात. त्यासोबत हाताचा आणि पायाचा असा दोन्हीकडचा रक्तदाब एकदा मोजून घ्यावा. हातात जास्त आणि पायात बराच कमी असला, तर महाधमनी जन्मतः अरुंद असू शकते. ‘ताण घेऊ नये’ हे कार्डावर लिहिण्याआधी यातले काहीच झालेले नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. ‘काडीसारखी आहे म्हणून सुरक्षित आहे’ या समजुतीला सर्वांत ठोस उत्तर आपल्याच पुण्याने दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील महिलांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे वजनाला हलकी, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. म्हणजे दिसायला किरकोळ आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण जन्मापासूनच असते. याज्ञिकांनी पुढे स्वतःचीच तुलना लंडनच्या जॉन युडकिन या डॉक्टरांशी करून २००४ साली छापली. दोघांची उंची-वजनाची गुणोत्तरे सारखीच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. तराजूवर दोघेही सारखेच ‘बारीक’ होते.

म्हणून माझी विनंती अशी, की शाळेत फक्त जाड मुलांचा रक्तदाब मोजण्याची पद्धत असेल, तर ती बंद करून सगळ्यांचा मोजावा.

उत्तर २ : सामाजिक आरोग्याचे अभ्यासक

बालरोगतज्ज्ञांनी वैद्यकीय बाजू नेमकी मांडली आहे. मी बाईंच्या पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

‘गरिबी की सवयी’ हा वाद जुना आहे आणि त्याची परीक्षा चांगल्या प्रकारे झालेली आहे. लंडनमधील सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ साली सुरू झाला आणि त्यात सुमारे १८,००० पुरुष होते. पुढे साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांनी त्याचे विश्लेषण केले. यातले कोणीही उपाशी नव्हते, सगळ्यांना कायम नोकरी होती, सगळे एकाच शहरात एकाच सरकारसाठी काम करत होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-पहारेकऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या सगळ्यांचा हिशेब धरल्यावरही निम्म्याहून कमीच फरकाचा उलगडा झाला. उरलेला फरक सवयींच्या खात्यावर टाकता येत नाही. शिवाय तो फक्त तळाशी आणि टोकाला नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीपेक्षा थोडा अधिक धोक्यात होता.

ही पायरी किती लवकर सुरू होते, हे ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी दाखवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२१ ते १९२५ या काळात ज्या भागांत तान्ही मुले जास्त दगावत होती, त्याच भागांत पन्नास वर्षांनी हृदयविकाराचे मृत्यू जास्त झाले, असे त्यांना आढळले. लोक समजत होते, की हृदयविकार समृद्धीतून येतो; नकाशा मात्र जुन्या दारिद्र्याकडे बोट दाखवत होता. याचा एक धागा थेट रक्तदाबाशी येऊन मिळतो. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्या सगळ्या जन्माआधीच तयार होतात, नंतर एकही नवी होत नाही. आई उपाशी, पोटात असताना बाळाची वाढ खुंटलेली किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, तर गाळण्या कमी पडतात. आहेत त्यांच्यावर जास्त भार येतो आणि रक्तदाब चढतो. चौदा वर्षांच्या मुलीच्या दंडावर मोजलेल्या आकड्यात तिच्या आईचे गरोदरपण असू शकते, ते असे.

किशोरवयाची चिंता का करायची, यालाही शवविच्छेदनातून मिळालेले उत्तर आहे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. सरासरी वय २२ होते आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकाराच्या खुणा होत्या. बाविसाव्या वर्षी खुणा दिसतात, याचा अर्थ सुरुवात शाळेच्या बाकावर झालेली असते. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बोगालुसा या गावात १९७३ पासून काळ्या आणि गोऱ्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. वर्गात ज्या मुलांचा रक्तदाब वरच्या बाजूला होता, ती मोठेपणीही बहुधा वरच्याच बाजूला राहिली, असे त्यातून दिसले.

आपल्याकडील चित्र यापेक्षा कमी गंभीर नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातील साधारण ५ टक्के मुलांचा रक्तदाब जास्त आढळला आणि साधारण दहातील एकजण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होता. त्याच वयोगटातील सुमारे चौथा हिस्सा मुले बारीक होती. बारीकपणा आणि विकार एकाच पिढीत, कित्येकदा एकाच घरात आहेत. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५९ च्या आसपास, असे २००७ साली छापलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय तुलनेत दिसले. ही सहा वर्षे ज्या घरांतून जातात, तिथे त्या वयात मुलींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे व्हायची असतात.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १७ देशांच्या एका अभ्यासात (२०१४) गरीब देशांतील लोकांचे धोक्याचे घटक सर्वांत कमी आणि हृदयविकाराचे मृत्यू मात्र सर्वांत जास्त निघाले. श्रीमंत देशांत नेमके उलटे होते. म्हणजे धोका थोडा असूनही माणूस मरतो, कारण तो वेळेवर मोजला जात नाही आणि मोजला तरी औषध रोज मिळत नाही. मला तर वाटते, की बाईंच्या शाळेतील ते कार्ड हेच याचे लहानसे उदाहरण आहे. मोजमाप झाले आणि पुढे कोणीच नव्हते.

उत्तर ३ : परिचारिका, मूळची सोलापूरची

मी स्वतः विडी कामगाराच्या घरात वाढले आहे, म्हणून अभ्यासकांनी लिहिलेल्या पायऱ्या आमच्या खोलीत कशा दिसत होत्या, तेवढेच सांगते.

पत्ती भिजवायची, ओल्या फडक्यात ठेवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, सुपातली तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची. हजार विड्या भरल्याशिवाय दिवसाची पूर्ण मजुरी मिळत नाही. शाळेतून आल्यावर आईचा आकडा भरून देणे हे मोठ्या मुलीचे काम असते, त्याला कोणी बालमजुरी म्हणत नाही. दिवसभर ती तंबाखू हाताला लागते, तिची धूळ श्वासातून जाते आणि निकोटीन अंगात उतरते, विडी न ओढता. निकोटीनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. त्यात सकाळी दात घासायला मिश्री असते. आमच्याकडे आजी, आई आणि थोरली बहीण तिघीही एकाच डबीतून मिश्री लावत, आणि मी बारा वर्षांची असताना मलाही पोट साफ होते म्हणून ती दिली गेली. मुलींना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे लागते.

मिठाविषयी. ‘मीठ कमी करा’ हा सल्ला ताटात भाजी असलेल्या घरासाठी आहे. जिथे भाजी नसते तिथे भाकरी घशाखाली उतरते ती चटणी, ठेचा, खारवलेली मिरची किंवा लोणच्याच्या खारावर. मीठ कमी केले तर जेवणच उरत नाही. मुलांना पाच रुपये दिले की ती शाळेजवळच्या टपरीवरून तिखट-खारट पुड्या आणतात, कारण त्या पैशात पोट भरल्यासारखे वाटणारे दुसरे काही मिळत नाही. त्या आईला मी सांगेन, की भिजवलेली मटकी, उकडलेला हरभरा किंवा मूठभर शेंगा घाल आणि खार त्या मानाने कमी कर. काय काढायचे हे सांगण्याआधी काय घालायचे हे सांगितले, तर बाया ऐकतात.

बाईंच्या लक्षात आले असेलच, तरी लिहिते. शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. नववीत गेलेल्या मुलीची भूक वाढते, पाळी सुरू झालेली असते, घरातले काम वाढते आणि नेमके त्याच वर्षी तिचे दुपारचे ताट बंद होते. माझ्या मते किशोरवयीन मुलांसाठी याहून मोठी चूक दुसरी नाही.

झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, रात्री अकरापर्यंत दिव्याखाली विड्या, पहाटे पाण्याची पाळी. यात सहा तास मिळाले तरी पुष्कळ. शिवाय शाळेतील संडास वापरण्याजोगा नसेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात. डॉक्टरांनी ज्या संसर्गाबद्दल लिहिले आहे, तो इथूनही सुरू होतो. बाई, तुमच्या शाळेतील मुलींच्या संडासाला कडी आहे का आणि आत पाणी येते का, तेवढे उद्या पाहून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर : वर्गशिक्षिका, सोलापूर

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण हातात काही असल्याशिवाय लिहायचे नव्हते.

एका ओळखीच्या दवाखान्यातून लहान पट्टा मागून आणला. ग्रंथालयाच्या खोलीत, दार लावून, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजले. १३८/८८, १३४/८६, १३६/८८. डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता, मशीन चुकलेले नव्हते. सरकारी रुग्णालयात लघवीची तपासणी निर्दोष आली, क्रिएटिनिन ठीक आहे, पायातला रक्तदाबही ठीक आहे, सोनोग्राफी पुढच्या मंगळवारी आहे. तिथल्या डॉक्टरांनी जन्माचे वजन विचारले, तेव्हा आई म्हणाली, “आठव्या महिन्यात झाली, पावणेदोन किलोची होती, वीस दिवस पेटीत ठेवली होती.” आजवर हे तिला कोणी विचारलेच नव्हते. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, “म्हणजे माझ्यामुळे झालं का बाई?” मी सांगितले, की तुमच्या पोटात अन्न नव्हते, त्यात तुमचा दोष कसा. मिश्रीची डबी तिने स्वतःहून बंद केली आहे, असे मुलगी सांगते.

संडासाला कडी बसवून घेतली. नळाचे काम मुख्याध्यापकांनी मंजूर केले आहे.

यातून एक नवीन गोष्ट समोर आली आहे. वर्गातील सगळ्यांना मोजताना एक मुलगा मागे राहिला. त्याला महिन्यापूर्वी घसा दुखून ताप आला होता. मग उजवा गुडघा सुजला, तो बरा झाल्यावर डावा घोटा सुजला. घरच्यांनी लचक समजून तेल लावले. आता दुसऱ्या मजल्यावरील वर्गात येताना तो दोनदा थांबतो. हेही हृदयाचे असू शकते का?

उत्तर ४ : बालरोगतज्ज्ञ

बाई, हो. आणि हे त्या मुलीपेक्षाही तातडीचे आहे. उद्या शाळेतून त्याला परस्पर सरकारी रुग्णालयात न्या आणि हृदयाची इको तपासणी झाल्याशिवाय परत आणू नका. तोवर त्याला जिना चढू देऊ नका, कवायतीला उभे करू नका.

घशातील एका जिवाणूच्या संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे एकामागून एक सुजतात आणि काहीही मागे न ठेवता बरे होतात, म्हणून घरचे निर्धास्त होतात. झडप मात्र बिघडते ती बिघडतेच. हा ताप पहिल्यांदा बहुधा पाच ते पंधरा या वयात येतो. हा आजार खोलीतील माणसांच्या संख्येबरोबर वाढतो. युरोपात तो पेनिसिलिन येण्याआधीच घरे मोकळी झाल्यामुळे ओसरू लागला होता. २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांना १०,००० घरे मिळाली, तेव्हा लोकांनी ते घरांचे काम म्हणून पाहिले. मी ते मुलांच्या हृदयाचेही काम मानतो.

निदान पक्के झाले, तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते कंबरेत देतात आणि फार दुखते, म्हणून मुले चुकवतात. चुकले की पुन्हा ताप येतो आणि प्रत्येक तापागणिक झडप आणखी खराब होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार समाविष्ट आहे, त्यामुळे संदर्भपत्र घेऊन उपचार मिळवता येतात. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि इंजेक्शन वर्षातून सतरा वेळा लागते. मधल्या सोळा वेळा कोणाला तरी तारीख लक्षात ठेवावी लागेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर : वर्गशिक्षिका, सोलापूर

इको झाली. डाव्या बाजूची झडप गळते, परंतु वेळेत आलात असे डॉक्टर म्हणाले. काल पहिले इंजेक्शन झाले. घरी नऊ माणसे एका खोलीत राहतात. आई-वडिलांच्या संमतीने वर्षभराच्या सगळ्या तारखा मी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत आणि एक प्रत त्याच्या मोठ्या बहिणीला दिली आहे. एकच शंका आहे. पाचवी तारीख नेमकी गणिताच्या पेपरच्या दिवशी येते. पेपर झाल्यावर तीन-चार दिवसांनी दिले तर चालेल का?

उत्तर ५ : बालरोगतज्ज्ञ

उशीर चालणार नाही. दोन दिवस आधी द्या, आणि पुढचे २१ दिवस त्या दिवसापासून मोजा. पानावरच्या पुढच्या सगळ्या तारखा तेवढेच दिवस अलीकडे आणाव्या लागतील.